डोळ्यांच्या जळजळीच्या चाचण्या: नव्याने सुरू करताय ना?

सशाच्या डोळ्यांवरचा प्रयोग टाळून सगळं सांगेल अशी एकच चाचणी शोधत बसू नका. आधी प्रश्न ठरवा. पदार्थ निरुपद्रवी आहे एवढंच दाखवायचंय? मग प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कॉर्नियासारख्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यासारख्या) ऊतीपासून सुरुवात करा (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी-मार्गदर्शिका क्र. ४९२). गंभीर इजेची शंका असेल, तर कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या कॉर्नियावरची चाचणी, मार्गदर्शिका क्र. ४३७.

नवखे हमखास घसरतात ते इथे:

- ४९२ मध्ये वापरलेल्या ऊतीसाठी ठरलेल्या मर्यादेहून (उदा. एपिऑक्युलर या ऊतीसाठी ६० टक्के) जास्त पेशी जगल्या तर पदार्थाला डोळ्यांना घातक असं वर्गीकरण लागत नाही. पण त्याखाली आकडा आला म्हणून लगेच 'गंभीर' लिहू नका. सौम्य की गंभीर, हे त्यातून कळत नाही.
- किती पेशी जगल्या हे एमटीटी या रंगद्रव्याने मोजतात: जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीला जांभळं करतात. काही रसायनं मात्र पेशींशिवायच करतात! मी एकदा असाच 'सुरक्षित' निकाल पाहून खूश झालो होतो. आधी नुसत्या एमटीटीच्या द्रावणात रसायन टाकून रंग बघा.
- ४३७ साठी गुरांचे कॉर्निया आणले त्याच दिवशी वापरा. ओरखडा दिसला की बाजूला.

कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) दोन्ही लावा, नक्की इजा करणारा आणि निरुपद्रवी, प्रत्येक वेळी. आकडेमोडीच्या खाचाखोचा सध्या राहू द्या. पहिले दोन-तीन प्रयोग ओळखीच्या रसायनांवरच करा.