मुलाचा कॅन्सर परत आलाय, जमीन विकू का?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, पाचव्या वर्षी एएलएल म्हणजे ब्लड कॅन्सर निघाला, अडीच वर्षं ट्रीटमेंट झाली, ती संपून दीड वर्षानं आता परत उलटलाय. खाजगी हॉस्पिटलनं बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा २४ लाखांचा अंदाज हातात दिलाय, चुलतभाऊ इस्लामपूरजवळची दोन एकर उसाची जमीन ३० लाखांना लगेच घ्यायला तयार आहे, आणि तुम्ही विचारताय विकू का.

माझं सरळ मत, इसार आत्ता घेऊ नका. जमीन पोरापेक्षा मोठी नाही हे मलाही कळतं हो, पण पैसा नेमका कशाला लागणार हेच अजून ठरलेलं नाही. मी डॉक्टर नाही, पण ट्रीटमेंट संपून सहा महिन्यांनंतर आजार उलटला तर त्याला लेट रिलॅप्स धरतात आणि त्यातल्या काही मुलांचं नुसत्या केमोवरही भागतं. ते कॅन्सरच्या प्रकारावर आणि पहिल्या महिनाभराच्या केमोनंतर शरीरात कॅन्सरच्या पेशी किती उरल्यात हे बघायला जी एमआरडी टेस्ट करतात तिच्यावर बरंच अवलंबून असतं. ट्रान्सप्लांट लागलाच तर मुलाच्या थोरल्या बहिणीचं एचएलए, म्हणजे डोनरशी जुळावी लागणारी पेशींवरची खूण, जुळतंय का बघावं लागेल, सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. नाही जुळलं तर आईवडिलांचं अर्धं जुळणारं घ्या नाहीतर बाहेरचा डोनर शोधा, आणि मग खर्च बदलतो. तो २४ चा आकडा यातल्या कशाचा आहे, नंतरचं इन्फेक्शन, आयसीयू, परत अ‍ॅडमिट करणं त्यात धरलंय का, हे लिहून मागा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात "औषधे वेगळी" असं लिहिलंय, ते वाचलंत का?

दुसरं मत परळच्या टाटाला घ्याच. त्यांचे ट्रान्सप्लांट खारघरला त्यांच्याच अ‍ॅक्ट्रेक सेंटरमध्ये होतात. राहायचं काय म्हणाल तर कॅन्सरवाल्या मुलांना आईवडिलांसकट फुकट ठेवून घेणारी सेंट ज्यूड्सची सेंटर मुंबईत आहेत, त्यासाठी टाटातल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी भेटा. रेल्वेत पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण मंजुरी आधी लागते, आपण पैसे भरून बसलो की ते परत मिळवणं अवघड, म्हणून अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.

आता घरचे पैसे. एफडी ४ लाख आधी मोडा, व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. मग पीएफ, घरातल्याच्या आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स मिळतो. वहिनींच्या पीपीएफला सात वर्षं झालीत, पाच वर्षांनंतर मुलाच्या गंभीर आजारासाठी खातं बंद करता येतं, व्याज १ टक्का कमी धरतात एवढंच. सोनं विकू नका, बँकेत ठेवून कर्ज काढा. फोनवर दहा मिनिटांत मिळणारं पर्सनल लोन मात्र अजिबात नको.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत पण मला तीच जास्त टोचली, नोकरी सोडून मुंबईला जाऊन राहायचं म्हणताय. कंपनीची ५ लाखांची मेडिक्लेम नोकरीबरोबरच जाणार, आणि आता या आजारावर नवीन पॉलिसी कोण देणार? बिनपगारी रजा मागा, वहिनी तिकडे राहू देत, तुम्ही शनिवारी महालक्ष्मी एक्सप्रेसनं जा. आणि हो, मेडिकलची ती गुळगुळीत कागदाची बिलं चार महिन्यांत पांढरी पडतात, क्लेमच्या वेळी हातात कोरा कागद राहतो, त्याच दिवशी झेरॉक्स काढून फाईलला लावा.

चुलतभावाला सांगा एमआरडीचा रिपोर्ट येईपर्यंत थांब. ट्रान्सप्लांट ठरला आणि पैसे कमी पडले तर एक एकर काढू, पण गावात अजून दोघांना भाव विचारून. सातबारावर तुमच्या बहिणींची नावं आहेत ना अजून? त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, सह्यांना वेळ लागतो.