सरकारी दवाखान्यात बीपीच्या गोळ्या लिहून देतात, पण खिडकीवर मिळत नाहीत. काय करावं?

आई कोरेगाव तालुक्यात गावी असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर बीपीच्या गोळ्या लिहून देतात आणि खिडकीवर ‘संपल्यात, बाहेरून घ्या’ ऐकायला मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी वीसेक वर्षं बसलोय, सातारा जिल्ह्यातच, औषध निर्माण अधिकारी म्हणून. ‘बाहेरून घ्या’ मीही म्हटलंय, पुष्कळदा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सगळं मोफत आहे. पण मोफत आहे म्हणजे कपाटात आहे, असं नव्हे.

आधी चिठ्ठी नीट बघा. साताऱ्यातल्या खाजगी डॉक्टरांनी सुरू केलेली दोन औषधांची एकत्र गोळी पुष्कळांच्या चिठ्ठीवर असते. ती आमच्याकडे नसायची. त्यातल्या टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या वेगवेगळ्या असायच्या. डॉक्टरांना तसं लिहून मागा. आपल्या मनाने मात्र बदल करू नका.

खरोखरच संपल्या असतील तर गोष्ट वेगळी. मागणीपत्र भरताना आम्ही मागचा खप बघायचो. खप म्हणजे दिलेल्या गोळ्या. ‘मागितली, पण दिली नाही’ असा रकानाच माझ्या रजिस्टरला नव्हता. तीन महिने अम्लोडिपिन नसली की तीन महिन्यांचा खप शून्य, आणि मग पुढची मागणी जास्त केली की वरून विचारणा, एवढ्या कशाला? मुकाट परत गेलेला पेशंट कागदावर कुठेच नसतो हो.

बीपीच्या पेशंटला एकदम तीस दिवसांच्या गोळ्या द्यायच्या असतात. तसं सांगणारा देशातला रक्तदाब नियंत्रण उपक्रम राज्यात ज्या चार जिल्ह्यांत आधी आला, त्यात आपला साताराही होता. तरी साठा आटला की मी दहा-दहाच द्यायचो, सगळ्यांना थोडं थोडं पुरावं म्हणून. पान कात्रीने कापायचो, आणि मुदतीच्या तारखेचा तुकडा बऱ्याचदा माझ्याच डब्यात राहायचा. एक आजी वरच्या वाडीवरून वडापने, म्हणजे शेअर जीपने, यायच्या. एकदा म्हणाल्या, ‘बाबा, तुझ्या दहा गोळ्यांपायी येता-जाता साठ रुपयं जात्यात. तेवढ्यात मेडिकलमधनं आख्खं पान येतंय की!’ पुढच्या खेपेला त्यांची पिशवी उघडली तर दहातल्या पाच शिल्लक. दिवसाआड घेत होत्या, पुरवून पुरवून. बीपी मोजलं तर १८०च्या वर. मला वाटत होतं, मी न्याय करतोय.

तेव्हा खिडकीवर भांडू नका, तिथल्या माणसाच्या हातात फार काही नसतं. सरळ वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून थोडी औषधं स्थानिक खरेदीने घेता येतात, ते विचारा. गोळी उपलब्ध नाही एवढं केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. लिहायचं म्हटलं की कधीकधी मागच्या खोलीतून पानं निघतातही, हे आपलं आतलं सांगतो. नाहीच झालं तर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. हे केंद्र जिल्हा परिषदेचं असतं. लोक उगाच सिव्हिलला हेलपाटा घालतात. फोनवर विचारायचं तर १०४ आहे. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवा, आणखी कुणाकुणाला गोळ्या मिळाल्या नाहीत ते त्यांना ठाऊक असतं. चार जणांची नावं एका अर्जावर आली की फरक पडतो.

तोवर खंड पडू देऊ नका. चिठ्ठीवर कंपनीचं नाव न घेता औषधाचं नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळेल. आणि पुढच्या वेळी गावी गेलात की आईच्या पिशवीतल्या गोळ्या एकदा मोजून बघा.