पावडर कोटिंग सुटते, तेव्हा आधी काय तपासावे?

प्रश्न : आम्ही पोलादी पत्र्याच्या पेट्या बनवतो आणि त्यांवर पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती भट्टीत भाजतो. डिग्रीसिंग (तेलकटपणा काढणे), आम्लाने गंज काढणे, फॉस्फेटिंग (पावडर घट्ट धरावी म्हणून पत्र्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवणे) आणि मधल्या धुलाया हे सारे टाक्यांत बुडवून होते. तरीही काही पेट्यांवरचा थर पापुद्र्यासारखा निघतो, तोही बहुधा वेल्डिंगजवळ आणि वाकवलेल्या कडांवर. पावडर बदलून पाहिली, पण फरक पडला नाही. दोष कुठे शोधावा?

उत्तर : पावडर बदलूनही दोष त्याच जागी येत असेल, तर तो पृष्ठभागाच्या तयारीत असण्याची शक्यता फार मोठी आहे. पावडर नीट भाजली गेली नसती, तर थर ठरावीक जागांपुरता न सुटता पेटीवर इतरत्रही कच्चा आढळला असता.

निघालेला पापुद्रा कृपया फेकून देऊ नका. तो उलटा करून भिंगाखाली पाहा आणि उघड्या पडलेल्या पत्र्याशी ताडून पाहा, कारण थर नेमका कशापासून सुटला हे तिथेच कळते. पाठ स्वच्छ आणि खालचा पत्राही चकचकीत असेल, तर तिथे फॉस्फेट धरलेच नाही, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे उरलेले तेल. दोन्हीकडे राखाडी भुकटी असेल, तर फॉस्फेटचा थर जाड किंवा सैल होऊन मधूनच फाटला आहे. अशा वेळी त्या टाकीतला गाळ, द्रावणाची तीव्रता आणि बुडवण्याचा वेळ तपासावा. तांबूस डाग दिसले, तर आधीचा गंज राहिला आहे किंवा धुतलेली पेटी वाळायला उशीर होऊन तिच्यावर नवा गंज चढला आहे.

तेलाची शंका असल्यास डिग्रीसिंगनंतर पेटी स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन उभी धरा. पाण्याचा पडदा साधारण अर्धा मिनिट सलग राहिला पाहिजे. जिथे तो फाटतो किंवा पाण्याचे थेंब होतात, तिथे तेलकटपणा आहे. यात एक फसगत होते, तिची जाणीव ठेवावी : डिग्रीसिंगच्या द्रावणातला साबणासारखा अंश पत्र्यावर राहिला, तर तेलावरही पाणी पसरते आणि चाचणी खोटी उत्तीर्ण होते. म्हणून आधीची धुलाई पुरेशी झाल्याशिवाय या चाचणीवर विसंबू नये.

आता तुमच्या दोन जागांविषयी. वेल्डिंगजवळची निळसर-काळी ऑक्साइडची खपली आणि स्लॅग (वेल्डिंगचा काचेसारखा मळ) अल्कलीच्या डिग्रीसिंगने निघत नाहीत, आम्लानेही पुष्कळदा पूर्ण निघत नाहीत, आणि त्यांच्यावर फॉस्फेट नीट बसत नाही. तो भाग टाकीत जाण्यापूर्वी घासून किंवा ब्लास्टिंग (कणांचा जोरदार मारा) करून साफ करावाच लागतो. वेल्डिंगचे शिंतोडे चिकटू नयेत म्हणून मारलेल्या फवाऱ्यात सिलिकोन असेल, तर तोही बदलावा. वाकवलेल्या कडेवर दाबयंत्राचे तेल साचते आणि दुमडीत द्रावण अडकते, जे भट्टीत तापल्यावर बाहेर झिरपते. त्यासाठी पेटी टांगण्याची दिशा बदलणे किंवा निचऱ्याचे भोक ठेवणे हाच खरा उपाय आहे, टाकीतले रसायन वाढवणे नव्हे. शेवटच्या धुलाईचे पाणी क्षारयुक्त असेल, तर वाळल्यावर क्षार पत्र्यावर राहतात आणि पुढे दमट हवेत थराखाली फोड येतात. त्यामुळे तिथे क्षारविरहित पाणी वापरावे आणि क्षारांचे प्रमाण दाखवणारी त्याची वाहकता मीटरने नियमित मोजावी.

हे सर्व एकाच वेळी बदलू नका. एका वेळी एकच बदल करून, प्रत्येक बदलानंतर 1 मिलिमीटर अंतराच्या आडव्या-उभ्या छेदांची चिकटपट्टी चाचणी (छेदांवर पट्टी चिकटवून ओढायची आणि थर निघतो का ते पाहायचे) वेल्डजवळ, कडेवर आणि सपाट भागावर वेगवेगळी घ्यावी. 60 मायक्रॉनपेक्षा जाड थरासाठी हे अंतर 2 मिलिमीटर ठेवावे.

प्रश्न : जस्ताचा मुलामा दिलेल्या भागांवर भाजल्यानंतर टाचणीएवढी छिद्रे दिसतात. धुलाई कमी पडते का?

उत्तर : बहुधा नाही. मुलाम्यात अडकलेला वायू भट्टीत बाहेर पडतो आणि वितळलेल्या पावडरीतून वाट काढतो. पावडर मारण्यापूर्वी भाग भाजणीच्या तापमानापेक्षा थोडा अधिक तापवून घ्यावा, म्हणजे हा वायू आधीच निघून जातो. मात्र पांढरी भुकटी, म्हणजे जस्ताचा गंज दिसत असेल, तर आधी तो काढावा.