निपाणी भागात ऊस तुटल्यावर पाचट (रानात उरलेला वाळका पाला) पेटवावंच लागतं का?

नाही, खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून (उरलेल्या बुंध्यांतून) पुन्हा फुटणारं पीक, ठेवणार असाल तर काडी लावूच नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की त्यातला नत्र धुरात जातो आणि काजळी गावभर, दोरीवरच्या कपड्यांवरसुद्धा. बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, मग पाचटाच्या टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी सोडा. कृषी विद्यापीठाची शिफारस हीच, आम्हीही तेच करतो. पहिलं पाणी सरीतून रांगत जातं, तेवढी कुरकुर होतेच. मात्र वेदगंगा-दूधगंगेकाठचं पाणी साचणारं रान असेल तर पाचट बाहेर काढून खड्ड्यात कुजवा.