बीएडचं लोन कुठल्या पगारातून फेडायचं?

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातली, वय २३, गणितात बीएस्सी झालंय. शिक्षिकाच व्हायचंय, दुसरं काही डोक्यात नाही. बीएडची सीईटी दिली पण मार्क मध्यमच आहेत. पुण्यातलं एक खाजगी कॉलेज मॅनेजमेंट कोट्यातून लगेच ॲडमिशन द्यायला तयार आहे, फी वर्षाला ६५ हजार, रूम आणि मेसचे महिन्याला सात हजार धरले तर दोन वर्षांचे तीन लाख होतात. बँक ११ टक्क्यांनी लोन देतेय. भाऊ म्हणतो सरकारी लागली की पगार चाळीस हजार, लोन कधी फिटलं कळणार पण नाही, आणि पहिली ते दहावी कुठेही लागू शकतेस. पण माझी मैत्रीण बीएड करून इंग्लिश मीडियमच्या शाळेत नऊ हजारावर शिकवतेय. बाबांचं तर वेगळंच, ते म्हणतात एक एकर विकू आणि संस्थेत पैसे भरून तुला चिकटवू. आम्ही ओबीसी, उत्पन्न दीड लाखाच्या आत. लोन घेऊ का?

उत्तर : बीएड कर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे आकडे वाचून तुझा जीव खाली-वर होईल. पण हे तीन लाखांचं लोन मात्र घेऊ नकोस.

आता हिशोब बघ. बँक दरवर्षी दीड-दीड लाख सोडणार, कोर्स चालू असताना आणि संपल्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, म्हणजे पहिल्या दीड लाखावर तीन वर्षांचं आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचं, सरळ व्याज धरलं तरी साडेब्याऐंशी हजार. हप्ता सुरू होईल तेव्हा तुझ्या डोक्यावर तीन नाही, ३ लाख ८२ हजार ५०० असतील. सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण ६,५५०, आणि शेवटपर्यंत भरलेली रक्कम साडेपाच लाखांच्या घरात जाते.

हा ६,५५० चा हप्ता मैत्रिणीच्या नऊ हजारात बसवून बघ. उरतात अडीच हजार, त्यात बसचं भाडं तरी निघेल का?

भाऊ म्हणतो तो आकडा खोटा नाही ग. माध्यमिकला सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ३८,६०० पासून सुरू होतो, वर महागाई भत्ता वेगळा. पण तो पहिल्या दिवसापासून मिळत नाही. आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, त्याचं मानधन जानेवारी २०२३ पासून माध्यमिकला १८ हजार आहे (त्याआधी आठ हजार होतं, आमच्या शाळेत लागलेली मुलं खोलीभाडं भरून महिनाअखेरीला डबा शेअर करायची, मी डोळ्यांनी बघितलंय). आणि त्या १८ हजारापर्यंत पोचायचं तरी कसं, तर टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी द्यायची, मग पवित्र पोर्टलवर, म्हणजे भरतीच्या सरकारी साइटवर, प्राधान्यक्रम भरून वाट बघायची. टेट आत्तापर्यंत झाली २०१७ ला, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. पहिल्या दोघींमध्ये पाच वर्षांहून जास्त गॅप! बँकेचा हप्ता काही टेटसाठी थांबत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की लोन चाळीस हजाराशी नको, कोर्स संपल्यावर पहिली दोन-चार वर्षं जो पगार बहुतेक हातात येणार आहे त्याच्याशी ताडून बघ, आणि तो आठ-दहा हजार धर.

भावाचं दुसरं वाक्य मात्र चूक आहे. बीएडवर पहिली ते पाचवीला आता लागता येत नाही, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला तसा निकाल दिलाय, तिथे डीएड किंवा डीएलएडच लागतं. तुझ्यासाठी सहावी ते आठवी, त्याला टीईटीचा (ही शिक्षक पात्रता परीक्षा, वरची टेट वेगळी) पेपर दोन पास पाहिजे, आणि नववी-दहावी. गणित विषय आहे ही जमेची बाजू आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या जाहिराती पण बघत जा, तिथे टीजीटीला, म्हणजे बीएड झालेल्या पदवीधर शिक्षकाला, मूळ पगार ४४,९०० आहे आणि सेवक वगैरे भानगड नाही, सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, मात्र आत्तापासून मनावर घे.

आता लोन कमी कसं करायचं ते. तुझ्या तीन लाखांत फी आहे १ लाख ३० हजार, बाकीचे जवळजवळ १ लाख ७० हजार रूम आणि मेसचे आहेत. म्हणजे तू कर्ज काढतेयस ते जास्त करून पुण्यात राहण्यासाठी. शाळेत घेताना बीएड पुण्याचं की परभणीचं हे मी मुख्याध्यापिका असताना एकदाही विचारलं नाही, पाठ कसा घेते ते बघायचे. तेव्हा कॅप राउंडला, म्हणजे सीईटीच्या मार्कांवर होणाऱ्या सरकारी केंद्रीय प्रवेशाला थांब. मध्यम मार्कांवर पहिल्या राउंडला कदाचित नाही लागणार, पुढच्यात बघ, आणि घरून जाऊन-येऊन करता येतील अशीच कॉलेजं वर टाक, त्यांच्या खाली संभाजीनगरचं शासकीय अध्यापक महाविद्यालय पण टाक.

कॅपचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शंभर टक्के माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून असेल तरच. मॅनेजमेंट कोटा घेतलास की हे गेलंच. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आजच काढायला टाक, तहसीलला ऐन वेळी रांगा असतात.

नोकरी करत करत बीएड करू असं मनात असेल तर ते जमत नाही, २० आठवडे तर शाळेत इंटर्नशिपच असते आणि ८० टक्के हजेरी लागते. कोणी 'हजेरीशिवाय करून देतो' म्हणालं तर त्याच्याकडे बघू पण नकोस. सकाळ-संध्याकाळ आठवी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या मात्र घे, जाण्या-येण्याचा आणि झेरॉक्सचा खर्च त्यातून निघतो. एवढं करून थोडं लोन लागलंच, पन्नास-साठ हजार, तर घे, शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत गेलीस तर ते फुगणार नाही. आणि चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला जमीन तारण लागत नाही, कोणी मागितली तर कारण लेखी माग.

बाबांशी तूच बोल. संस्थेत भरलेल्या पैशाची पावती नसते, नेमणुकीची सरकारी मान्यता अडकली तर परत मागायला तोंड नसतं, आणि विनाअनुदानित तुकडीवर घेतलं तर अनुदान येतं ते २० टक्क्यांच्या टप्प्यांनी, त्याची वाट बघत फुकट शिकवत पन्नाशीला आलेले शिक्षक मी बघितलेत. एकर गेला तो गेलाच. आणि लोनच्या कागदावर बाबा सहकर्जदार असतात हे पण त्यांना सांग, तुझे हप्ते थकले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, त्यांचंही खराब होतं, मग पुढच्या खरिपाला पीककर्ज मागायला गेले की बँक तेच काढून दाखवते. हे त्यांना शेताच्या भाषेत सांगितलंस तर लगेच कळेल. कॅपची पहिली यादी लागली की कुठलं कॉलेज मिळालं ते मला कळव, आपण पुन्हा हिशोब करू.