कार्यशाळा – प्रश्न आणि उत्तरे: सरकत्या जबड्याची पकड कशावर टिकते?

प्रश्न: मी माइल्ड स्टीलच्या २५ × ६ मिलीमीटर पट्टीचा एक हातक्लॅम्प तयार केला आहे. पट्टीच्या एका टोकाला स्थिर जबडा वेल्ड केला असून दुसरा जबडा पट्टीवर सरकवून हव्या त्या मापाला आणता येतो. सरकत्या जबड्याच्या टोकाशी एम १० चा, म्हणजे १० मिलीमीटर व्यासाचा, स्क्रू आहे आणि स्क्रूच्या मध्यापासून पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर १०० मिलीमीटर आहे. जबडा डुगडुगू नये म्हणून मी त्याला ४० मिलीमीटर उंचीची खोळ केली, तिची आतली बाजू कानसीने अगदी पट्टीबरोबर बसवली आणि ती सहज सरकावी म्हणून तेल लावले. तरीही स्क्रू आवळला की जबडा मागे घसरतो. पट्टीच्या कडेला करवतीने दाते पाडावेत काय? शिवाय एकदा मुठीच्या सळईवर पाइप चढवून आवळले, तेव्हा पट्टीच वाकली. पट्टी किती जाडीची घ्यावी?

उत्तर: आपण केलेले काम निगुतीचे आहे, यात शंका नाही; परंतु जबडा घसरण्याचे कारण नेमके त्या निगुतीतच आहे. सरकता जबडा पट्टीवर चपखल बसल्यामुळे टिकतो, असा आपला समज झालेला दिसतो. प्रत्यक्षात तो तिरपा होतो म्हणून टिकतो, आणि आपण त्याला तिरपे होण्यास वावच ठेवलेला नाही.

स्क्रू आवळल्यावर काय घडते, ते जबड्याजवळ डोळा नेऊन पाहावे. कामाचा तुकडा स्क्रूच्या टोकाला मागे रेटतो. हे रेटणे पट्टीपासून १०० मिलीमीटर दूर असल्यामुळे जबडा नुसता मागे न सरता टोकाकडून कलतो. तो कलला की खोळीची एक कड पट्टीच्या बाहेरच्या बाजूवर, म्हणजे घशाच्या (पट्टी आणि स्क्रू यांमधील मोकळ्या जागेच्या) विरुद्ध बाजूवर, कामाकडच्या अंगाला टेकते आणि दुसरी कड पट्टीच्या आतल्या बाजूवर, कामापासून दूरच्या अंगाला टेकते. या दोनच ठिकाणी पट्टीवर जोर येतो आणि तेथील घर्षणच जबड्याला धरून ठेवते. स्क्रूचा जोर वाढला की जबड्याला कलवणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे घर्षणही तेवढेच वाढते. म्हणून नीट बेतलेला जबडा हलक्या जोराला जसा टिकतो, तसाच भारी जोरालाही टिकतो, आणि चुकीचा बेतलेला जबडा पहिल्याच फेऱ्याला घसरू लागतो.

हा बेत कसा करावा, यासाठी एक सोपा हिशेब आहे. जबडा टिकण्यासाठी लागणारा घर्षणांक (घर्षणाचा जोर भागिले पृष्ठभागावरचा दाब) म्हणजे दोन टेकण्याच्या कडांमधील पट्टीच्या लांबीच्या दिशेचे अंतर, भागिले स्क्रूच्या पट्टीपासूनच्या अंतराची दुप्पट. आपल्या क्लॅम्पमध्ये ४० भागिले २००, म्हणजे ०.२० एवढा घर्षणांक हवा. पोलादावर पोलाद तेल लावून घासले, तर हिशेबाला ०.१० ते ०.१५ एवढाच घर्षणांक धरता येतो. म्हणजे आपला जबडा घसरणारच होता, आणि तेलाने ते काम अधिक सोपे केले. याच जबड्यातील कडांचे अंतर १५ मिलीमीटर ठेवले, तर केवळ ०.०७५ एवढा घर्षणांक पुरतो आणि तेलकट हात लागलेल्या पट्टीवरही जबडा टिकतो. माझ्या मते १५ ते २० मिलीमीटर हे माप योग्य होय. यापेक्षा फार कमी केले तर कडा पट्टीत रुततात, पट्टीवर खरवडल्यासारखे चट्टे पडतात आणि स्क्रू सैल केल्यावरही जबडा सोडवण्यासाठी हातोडीची टिचकी द्यावी लागते.

म्हणून आपली खोळ कापून टाकण्याची गरज नाही. वरची आणि खालची कड तशीच राहू दिली तर कडांमधील अंतरही ४० मिलीमीटरच राहील, हे मात्र ध्यानात घ्यावे. मधला भाग कोरून काही साधणार नाही. खोळीच्या दोन्ही टोकांकडून, जिथे जबडा पट्टीला टेकतो त्या दोन्ही अरुंद बाजूंवर, कानसीने दीडदोन मिलीमीटर उतार द्यावा आणि मधोमध फक्त १५ मिलीमीटर उंचीचा भाग टेकण्यासाठी शिल्लक ठेवावा. त्या भागात पट्टीच्या रुंदीच्या दिशेने अर्ध्या मिलीमीटरचा सैलपणा ठेवावा. पट्टीच्या जाडीच्या दिशेने मात्र सैलपणा जितका कमी तितका चांगला, कारण त्या दिशेने जबडा डुलला तर दोन जबडे समोरासमोर येत नाहीत. आपण घेतलेली काळजी त्या दिशेने वाया गेलेली नाही.

या अर्ध्या मिलीमीटरचा परिणाम टोकाशी किती होतो, तेही पाहावे. १५ मिलीमीटर उंचीवर अर्धा मिलीमीटर सैलपणा म्हणजे जबडा जवळपास दोन अंशांनी कलतो, आणि १०० मिलीमीटर दूर असलेले टोक त्यामुळे तीन मिलीमीटरहून थोडे अधिक मागे जाते. खोळ पट्टीशी काटकोनात असेल तर आवळल्यावर स्क्रू तिरपा होतो आणि कामावर एका कडेने दाबतो. म्हणून टेकण्याचा भाग कानसताना त्याला आधीच दोन अंशांचा कल द्यावा, म्हणजे मोकळ्या स्थितीत जबड्याचे टोक स्थिर जबड्याकडे किंचित झुकलेले राहील आणि भार आल्यावर तो गुण्याला येईल. कल उलट दिशेला दिला गेला तर दोष दुप्पट होतो, म्हणून कानस लावण्यापूर्वी जबड्यावर खडूने बाण काढून ठेवावा.

टेकणाऱ्या दोन्ही कडा धारदार राहणे आवश्यक आहे. माइल्ड स्टीलच्या कडा काही महिन्यांच्या वापराने गोल होतात. त्यांना तापवून पाणी देऊन कडक करण्याचा प्रयत्न करू नये. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो की पाणी देऊन ते उपयोगी पडेल इतके कडक होत नाही. त्याऐवजी जबड्यात आडवी भोके पाडून पट्टीच्या दोन्ही अंगांना एकेक तयार कडक डॉवेल पिन, म्हणजे पोलादाची गोल खुंटी, बसवावी. पट्टीला मग खोळ टेकत नाही, पिना टेकतात. त्या झिजल्या की थोड्या फिरवून नवा भाग पुढे आणता येतो. मी वर्षानुवर्षे वापरत असलेल्या क्लॅम्पमध्ये पिना अशाच बसवलेल्या असून त्या आतापर्यंत दोनदा फिरवल्या आहेत. पट्टी मात्र पहिलीच आहे.

दात्यांविषयी माझे मत असे की ते पाडावेत, परंतु करवतीने नव्हे, आणि दोन्ही कडांना तर नव्हेच. क्लॅम्प आवळला की पट्टी जबड्यांच्या उघडण्याच्या दिशेने वाकते आणि तिची आतली कड ताणली जाते. ताणल्या जाणाऱ्या कडेवर करवतीची खाच पाडणे म्हणजे पट्टी कोठे निकामी व्हावी याची खूण करून देणे होय. पट्टीची रुंदी २५ वरून २२ मिलीमीटर झाली, तर तिची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जवळपास २३ टक्क्यांनी घटते. दाते हवेच असतील तर बाहेरच्या कडेवर तिकोनी कानसीने अर्धा मिलीमीटर खोल, बारीक ओरखडे काढावेत. तेवढे पुरेसे असतात.

आता पट्टीच्या मापाकडे वळू. हाताने १०० मिलीमीटर अंतरावर ५० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ५ किलो वजनाएवढा जोर लावला, तर स्क्रूवर ५ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. एम १० च्या स्क्रूवर एवढ्या पिळाने, आट्यांतील आणि टोकाशी होणारे घर्षण वजा जाता, सुमारे ३००० न्यूटनचा दाब मिळतो. तो सुमारे ३०० किलो वजनाएवढा आहे. साधे माइल्ड स्टील चौरस मिलीमीटरला सुमारे २५० न्यूटनच्या ताणाला कायमचे वाकू लागते. २५ × ६ ची पट्टी, १०० मिलीमीटरच्या अंतराने, साधारण १५०० न्यूटनलाच या मर्यादेला पोहोचते. म्हणजे पाइप न चढवताही आपला हात त्या पट्टीला भारी पडला असता.

पट्टी जाड करावी की रुंद, असा प्रश्न येथे येतो. जाडी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते, रुंदी दुप्पट केली तर चौपट. त्यामुळे आधी रुंदी वाढवावी. ३२ × १० च्या पट्टीत ३००० न्यूटनला ताण चौरस मिलीमीटरला सुमारे १८५ न्यूटन येतो, म्हणजे मर्यादेच्या बऱ्यापैकी आत राहतो, आणि हे माप सहज मिळते. याहून हलका क्लॅम्प हवा असेल तर पट्टी बारीक करण्याऐवजी घसा कमी करावा. १०० ऐवजी ६० मिलीमीटर अंतर ठेवले की वाकवणारा जोर त्याच प्रमाणात उतरतो. मात्र अंतर कमी केले की जबडा टिकण्यासाठी लागणारा घर्षणांक वाढतो, त्यामुळे टेकण्याचा भागही त्याच प्रमाणात कमी, म्हणजे १० मिलीमीटरच्या आसपास करावा लागेल.

आणि मुठीची सळई जाणूनबुजून बारीक ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ६ मिलीमीटर व्यासाची माइल्ड स्टीलची सळई एका टोकाला धरून फिरवली, तर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास वाकू लागते. म्हणजे कोणी पाइप चढवलाच तर प्रथम सळई वाकेल, पट्टी आणि आटे वाचतील. सळई दोन मिनिटांत बदलता येते. वाकलेली पट्टी सरळ करून पुन्हा वापरली, तर ती त्याच जागी अधिक सहज वाकते.

प्रश्न: क्लॅम्प लवकर उघडता-मिटता यावा म्हणून दोन सुरुवातींचे आटे असलेला स्क्रू वापरावा काय? तसेच स्क्रूच्या टोकाने लाकडावर खोल वळ उठतात, त्याला उपाय काय?

उत्तर: दोन सुरुवातींचे आटे, म्हणजे एकाच स्क्रूवर शेजारी-शेजारी फिरत जाणारे दोन आटे, वापरू नयेत. स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, याचे कारण आट्यांचा चढ घर्षणाच्या कोनापेक्षा, म्हणजे ज्या उतारावर वस्तू आपोआप घसरू लागते त्या कोनापेक्षा, कमी असतो. १२ मिलीमीटर व्यास आणि ३ मिलीमीटर अंतराच्या एकेरी ट्रॅपेझॉइडल (समलंब चौकोनी छेदाच्या) आट्यांचा चढ सुमारे ५ अंश असतो, तर घर्षणाचा कोन ९ अंशांच्या जवळपास. तेच आटे दोन सुरुवातींचे केले की चढ १० अंशांच्या वर जातो आणि हात सोडताच क्लॅम्प सैल होऊ लागतो. वेग हवा असेल तर एकेरी ३ मिलीमीटरचे आटे घ्यावेत. एम १० च्या दीड मिलीमीटरच्या तुलनेत एका फेऱ्यात दुप्पट अंतर कापले जाते. मोठे अंतर तर सरकत्या जबड्यानेच कापायचे असते, स्क्रूला शेवटचे दोन-चार फेरेच उरतात. नट पितळेचा किंवा बिडाचा केला तर आटे एकमेकांना चिकटून खरडले जात नाहीत.

लाकडावरील वळांविषयी: १० मिलीमीटरच्या उघड्या टोकाने ३००० न्यूटनचा दाब दिला तर चौरस मिलीमीटरला ३८ न्यूटन पडतात. मऊ लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने याच्या एका लहानशा हिश्श्यालाच दबते. स्क्रूचे टोक गोल करून त्यावर २५ मिलीमीटर व्यासाची फिरती चकती बसवावी. दाब चौरस मिलीमीटरला ६ न्यूटनपर्यंत उतरतो आणि स्क्रू फिरताना लाकूड ओढले जात नाही. मऊ लाकडाला एवढ्यानेही वळ उठू शकतात, म्हणून चकतीखाली कठीण लाकडाची फळी ठेवणे चुकवू नये. चकतीच्या खळग्याचा काठ गोलावर ठोकून बसवताना ती हाताने कोणत्याही दिशेला थोडी कलते, याची खात्री करून घ्यावी, नाही तर तिरप्या कामावर ती कडेनेच रुतते.

प्रश्न: दोन समांतर जबडे आणि दोन स्क्रू असलेला क्लॅम्प मी वापरतो. कितीही आवळला तरी पातळ पत्रा टोकाशी धरला जातो आणि आतल्या बाजूने सैल राहतो, किंवा उलट होते. दोष जबड्यांत आहे काय?

उत्तर: बहुधा दोष आवळण्याच्या क्रमात आहे. या क्लॅम्पमधील मधला स्क्रू जबड्यांना एकमेकांकडे ओढतो आणि मागचा स्क्रू त्यांना मागच्या टोकाकडून दूर ढकलतो. मधला स्क्रू हा टेकू आणि जबडा ही तरफ होय. मागचा स्क्रू मधल्यापासून ४० मिलीमीटरवर असून त्याने २००० न्यूटनने ढकलले, तर मधल्या स्क्रूच्या पुढे ५० मिलीमीटरवर धरलेल्या कामावर १६०० न्यूटनचा दाब येतो आणि मधल्या स्क्रूवर दोन्हींची बेरीज, म्हणजे ३६०० न्यूटनचा ताण पडतो. तेच काम २५ मिलीमीटरवर घेतले, तर दाब ३२०० न्यूटन होतो. म्हणून काम शक्य तितके मधल्या स्क्रूजवळ घ्यावे आणि मधला स्क्रू मागच्यापेक्षा कधीही बारीक असू नये.

आवळताना प्रथम मागचा स्क्रू सैल ठेवून मधल्या स्क्रूने जबडे कामाला हलकेच टेकवावेत. नंतर मागच्या स्क्रूने मागचे अंतर कामाच्या जाडीएवढे करावे, जेणेकरून जबडे समांतर होतील, आणि शेवटचा जोर फक्त मागच्या स्क्रूने द्यावा. मागचा स्क्रू सैल असताना शेवटचा जोर मधल्या स्क्रूने दिला की जबडे मागे मिटतात, पुढे उघडतात आणि पत्रा आतल्या कडेवरच धरला जातो.

समांतरपणा डोळ्याने ठरवू नये. पत्र्याच्या वर टोकाशी एक आणि आत, मधल्या स्क्रूजवळ एक अशा कागदाच्या दोन पट्ट्या ठेवून क्लॅम्प हलका आवळावा आणि दोन्ही हळूच ओढून पाहाव्यात. टोकाची सुटली तर मागचा स्क्रू पाव फेरा आत घ्यावा, आतली सुटली तर पाव फेरा बाहेर, आणि दोन्ही सारख्याच अडखळल्या की मगच पूर्ण जोर द्यावा.