सही केली, आता दम्याची भरपाई मिळेल का?

ताई, पत्र वाचलं. रत्नागिरीकडच्या कोळंबीच्या कंपनीत उकडायच्या सेक्शनला अडीच वर्षं, मग खोकला, रात्री छातीत शिट्टी, सुट्टीत नागपूरला आलं की आठवड्यात मोकळं आणि परत गेलं की पुन्हा तेच, शेवटी ठेकेदाराने पाच हजार हातावर ठेवून 'काही मागणी नाही' या कागदावर सही घेतली अन् चार महिन्यांपूर्वी तुम्ही घरी आलात. केस होते का, आणि रत्नागिरीला चकरा माराव्या लागतील का, हे विचारलंय.

सहीचं टेन्शन घेऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम १७ आहे त्यासाठी. पाच हजार घेतले ते मात्र लपवू नका.

आधी पगाराच्या स्लिपा काढा. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात असेल तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाही, ईएसआयकडेच मागायचं, सोमवारी पेठेतल्या त्यांच्या हॉस्पिटलात चौकशी करा. कपात नसेल तर दावा नागपुरातच लावता येतो, कारण कामगार राहतो तिथेही तो चालतो. पार्टी दोघांना करा, ठेकेदार गायब होतो हो, कंपनीची बिल्डिंग कुठे जाते!

खरी मारामारी डॉक्टरच्या कागदावर. समोरचा वकील म्हणणार दमा तर नागपूरच्या धुळीनेही होतो. मग नागपुरात आल्यावर बरं का वाटायचं? कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन उकळूनही टिकतं, वाफेसोबत श्वासात जातं, हातमोजे घालून काय होणार. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीच्या ओपीडीत स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसं तपासायची टेस्ट) अन् कोळंबीच्या अ‍ॅलर्जीची टेस्ट करून घ्या, आणि डॉक्टरांना कामाचं सगळं सांगा, नुसतं 'दमा' लिहिलेला कागद कोर्टात लंगडा पडतो. पुरावा म्हणून परत त्या वाफेत जायचं कोणी सुचवलं तर अजिबात जाऊ नका. कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, हा आजार बसतो की नाही यावर वाद होईल, पण नाही बसला तरी थेट कामामुळेच झाला हे दाखवून भरपाई मागता येते.

काम सुटल्यापासून दोन वर्षं धरा, उशीर नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तुमच्या तारखा पाहून जुना कायदा की नवा ते ठरवू. आणि हो, सुट्टीत येण्याजाण्याची रेल्वेची तिकिटं, इकडच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या मोबाईलमध्ये असतील तर डिलीट करू नका, तारखा त्यातूनच जुळवायच्या आहेत.